थोरलीची किल्ली

४ ऑक्टोबर

बारक्या, आणि बापाच्या ट्रकला थोरली बहीण मानून वाढलेल्या जगातल्या तमाम भावंडांनो,

सभेला हजर फक्त तू आणि मी, हे मला ठाऊक आहे. तरी सुरुवात अशीच करते, कारण चाळीस वर्षांची खोड आहे आणि तक्रार आपली सामाईक आहे. बाबा कामावरून आले की आधी गाडीच्या चाकांना हात लावून बघायचे, तापलीत का म्हणून, आणि मग तोच काळा हात आपल्या कपाळाला. गाडी माझ्या जन्माआधी घरात आली म्हणून ती थोरली, आणि आईचं पहिलं मूल असूनही मी मधली. शाळेत बाईंनी विचारलं होतं, "मधली म्हणतात होय तुला? मग मोठी बहीण काय करते?" मी उभी राहून सांगितलं, "सिमेंट वाहते." बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला बोलावून घेतलं.

हसलास का? अकरा वर्षांत तुझं हसू ऐकलेलं नाही, त्यामुळे अंदाज बांधते आहे.

मुद्द्यावर येते. थोरली अजून कामगार संघटनेच्या कचेरीमागच्या शेडमध्येच आहे, जिथे आपण दोघांनी मिळून तिला शेवटचं पाहिलं तिथेच. जूनमध्ये मी अध्यक्षपद सोडलं. आता संघटनेला त्या जागेवर मोठं सभागृह बांधायचं आहे, आणि माझ्याच हाताखाली घोषणा द्यायला शिकलेला नवा चिटणीस परवा माझ्यासमोर नखं कुरतडत उभा होता.

"ताई, वर्षअखेरपर्यंत शेड रिकामी करावी लागेल."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"म्हणजे गाडी कुठंतरी हलवायची. नाहीतर मग… भंगारवाला विचारत होता."

त्याचं काय झालं ते सोड. तो जिवंत आहे. पण त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. माझ्या दोन खोल्यांच्या घरापुढे सायकल लावायला जागा नाही. मग मी जुन्या गाड्यांच्या मंडळाकडे गेले. त्यांनी शहराबाहेर मोठं दालन बांधलं आहे. अशा लांब बॉनेटच्या, नाकाड्या जड गाड्या त्यांना हव्याच आहेत. अट एकच: गाडी कारखान्यातून निघाली तशी पाहिजे. मागाहून लावलेलं काही नको.

मी ठरवलं आहे, बारक्या. थोरलीला मी तिच्या मूळ रूपात उभी करणार. एक मिस्त्री धरला आहे. त्याचे हात चांगले आहेत आणि तोंड बंद असतं. हे पत्र परवानगीसाठी नाही. तुला कळावं म्हणून लिहिते. किल्ली तुझ्याकडे आहे, तीही मागत नाही. मिस्त्री म्हणतो, वायरला वायर लावून चालू होईल.

फोन करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

मधली

१९ ऑक्टोबर

बारक्या,

पत्राला उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. काम कुठवर आलं ते कळवते.

डिझेलच्या टाकीतून डांबरासारखा चिखल निघाला. मिस्त्रीने टाकी उतरवली, आत मूठभर खडी टाकली आणि दोघांनी मिळून ती पाळण्यासारखी हलवली. खडीने गंज खरवडला जातो म्हणे. रेडिएटरमध्ये चिमणीचं घरटं होतं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे शाबूत आहेत. इंजिनाला मात्र बाबांनी शेवटच्या वर्षी जे तेल पाजून ठेवलं होतं त्याने त्याला वाचवलं. झडपा उघडल्या तर आत चांदीसारखं लख्ख.

आणि मग सजावट उतरवायला घेतली.

तुला बाबांचा रविवार आठवतो? लांबची खेप करून आले की येताना थोरलीला एक वस्तू आणायचेच. एकदा आरसा, एकदा चिखल अडवायची रबरी झालर, तिच्यावर पत्र्याच्या चांदण्या. एकदा दोन सुरांचा भोंगा, जो वाजला की गल्लीतली सगळी कुत्री एका तालात ओरडायची. रविवारी सकाळी ते स्टूल घेऊन तिच्या समोर बसायचे आणि नवी वस्तू कुठे शोभेल ते बघत राहायचे. चित्रकार कॅनव्हाससमोर बसतो तसे. आई चहाचा कप आणून बॉनेटवर आदळायची. "माझ्या स्वयंपाकघरात एक दिवा, हिच्या कपाळावर नऊ." बाबा म्हणायचे, "तुझ्या स्वयंपाकघरातून समोरची गाडी येते का?" पण केबिनचे पडदे आईनेच शिवले होते, बाहेरच्या खोलीच्या जुन्या पडद्यातून. म्हणून तर आपल्याला केबिनमध्ये शिरलं की घरात शिरल्यासारखं वाटायचं. निळ्यावर पांढरी पानं. ऊन लागून आता सगळीच पांढरी झाली आहेत.

ते पडदे मी स्वतः काढले. नऊ दिवे मिस्त्रीने काढले. मागच्या फळीवरचे दोन मासे, एकाचा डोळा तुझ्याकडून पुसला गेला होता म्हणून जो कायम डोळा मारल्यासारखा दिसायचा तो मासासुद्धा, घासून गेला. मी तत्त्व म्हणून सुरुवात माझ्यापासून केली: मागच्या हौद्यातला, केबिनच्या पाठीला जोडलेला, ज्याला धरून मी भाषणं करायचे तो माझा लोखंडी कठडा सगळ्यांत आधी कापायला लावला.

मिस्त्री म्हणाला, "ताई, हा तर मजबूत आहे. राहू द्या ना."

मी मान हलवली. मूळ म्हणजे मूळ. निम्मं तत्त्व पाळणाऱ्या लोकांशी मी जन्मभर भांडले आहे.

आज दुपारी इंजिन लागलं. मिस्त्रीने नळ्यांतली हवा काढली, वायरी जोडल्या, ती दोनदा खोकली आणि मग तिचा तो आवाज. जाडा, झोपेतून उठल्यासारखा, थोडा रागावलेला. शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, आता बाबा खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलेले दिसतील.

पण गिअर पडत नाही. क्लच दाबला तरी पकड सुटत नाही, दात नुसते किंचाळतात. मिस्त्री डोकं खाजवतो आहे.

मधली

६ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये पाच शब्द. "क्लच प्लेट बघ. चिकटली असेल." अकरा वर्षांनी भावाचा मजकूर आला आणि तो क्लच प्लेटबद्दल! मी ते कार्ड मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "हा माणूस कोण आहे? याला कामावर ठेवू या."

प्लेट चिकटलीच होती. इतकी वर्षं एका जागी उभी राहून गंजाने तव्याला भाकरी चिकटावी तशी. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट सोडवली, घासली, परत बसवली. त्याच कामात पेडल साफ केलं. क्लचच्या पेडलवर कोणीतरी लाकडाचा एक गलिच्छ ठोकळा बोल्ट मारून बसवला होता, वर टायरचं रबर ठोकलेलं. खालचं पेडल तुटलं असेल म्हणून केलेली मलमपट्टी, असं वाटलं. काढून पाहिलं तर पेडल धडधाकट. ठोकळा मिस्त्रीने बाजूला टाकला. आता पेडल कारखान्यातल्यासारखं दिसतं.

मग मिस्त्रीने ओळखीचा एक ड्रायव्हर आणला. चांगला पोरगा, मोठे ट्रेलर चालवतो. त्याने थोरलीला शेडमध्येच चार हात पुढे आणि चार हात मागे घेतलं आणि खाली उतरून हात जोडले. "ताई, हिला दोनदा क्लच द्यावा लागतो. मला जमत नाही. आमच्या गाड्या आपणहून ऐकतात." दुसऱ्या गिअरला तिने अशी ओरड केली की कचेरीतले लोक बाहेर आले.

दोनदा क्लच. दाब, दांडा मधे आण, सोड, इंजिनाला थोडा घास दे, पुन्हा दाब, मग गिअर. बाबा म्हणायचे, "ती बहिरी नाही, मानी आहे. दोनदा विचारल्याशिवाय हो म्हणत नाही." तू हे किती सहज करायचास! मोर्चात तू गाडी चालवायचास तेव्हा मागे उभं राहून बोलताना मला गिअर बदललेला कधी कळायचा नाही. वाक्य तुटायचं नाही. लोक माझ्या वाक्यांना टाळ्या द्यायचे. त्यातल्या थोड्या तुझ्या पायाच्या होत्या, हे मी एकदाही माइकवरून बोलले नाही.

एक खुलासा. तुला बाबांच्या जोडीदार काकांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. फोन न करण्यात तत्त्वबित्त्व काही नाही. सप्टेंबरमध्ये माझ्या घशातली गाठ काढली. गाठ साधी होती, घाबरू नकोस. पण डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंत बोलायला बंदी घातली आहे, कुजबुजसुद्धा नाही. मी पाटी-पेन्सिल घेऊन फिरते. चिटणीसाला पाटीवर जे लिहून दाखवलं ते त्याने पुसायच्या आधी तीनदा वाचलं. मिस्त्रीला मात्र माझी ही अवस्था फार आवडते. म्हणतो, "ताई, तुमच्याविषयी जे ऐकलं होतं त्या मानाने तुम्ही फारच शांत."

मधली

२४ नोव्हेंबर

बारक्या,

दुसरं कार्ड. "ठोकळा टाकू नकोस."

का? कशासाठी? कारण सांगायला शाई लागते का? अकरा वर्षं तू माझ्या दारात आला नाहीस, मी तुझ्या दारात आले नाही, आणि आता तू तिकडे दोनशे किलोमीटरवर शीतगृहाच्या खुर्चीत बसून मला हुकूम सोडतोस! मी मालकांचे हुकूम ऐकले नाहीत. तुझे ऐकू?

रागावले आहे, तर सगळंच लिहून टाकते. आपण त्या दिवशी शेडमध्ये उभे होतो. थोरलीच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी, बॉनेट मधे. बाबा जाऊन आठवडा झाला नव्हता. तू म्हणालास, "गाडी माझी. बाबांनी मला सांगितलं होतं." मी म्हणाले, "खोटं. बाबांनी मला सांगितलं होतं." आणि मी खोटं बोलत नव्हते, बारक्या! गिरणीच्या फाटकावरची ती मोठी सभा संपली होती, बाबा माइकची वायर कोपरावर गुंडाळत होते, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही गाडी तुझी गं. माझ्यानंतर तुलाच." बाबांनी आयुष्यात मला दिलेली ती एकमेव शाबासकी. ती तू दोन शब्दांत खोटी ठरवलीस. घाटातल्या वळणावर गिअरचा आवाज न करता गाडी काढलीस तेव्हा ते तुला तेच म्हणाले, असं तू सांगितलंस. मी हसले. मग तू म्हणालास, "तुला गाडी नको आहे, तुला उभं राहायला चौथरा हवाय." त्यावर मी जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल. तू डॅशबोर्डवरून किल्ली काढलीस आणि चालायला लागलास. तुझी चाल मी फाटकापर्यंत पाहत होते.

तेव्हापासून गाडी माझ्याकडे, किल्ली तुझ्याकडे, आणि थोरली कोणाचीच नाही.

रविवारी, सात तारखेला, मंडळाचे तपासनीस येणार आहेत. पास झाली की ते तिला क्रेनने उचलून नेतील. टाकी रिकामी करतील, बॅटरी काढतील आणि दोरीपलीकडे उभी करतील. नीट राहील. धुळीपासून लांब. पुन्हा चालणार नाही, पण नीट राहील.

हे लिहून झाल्यावर मी वाक्य दोनदा वाचलं. तुला काही म्हणायचं असेल तर कार्डावर पाचापेक्षा जास्त शब्द बसतात.

मधली

१० डिसेंबर

बारक्या,

हे पत्र बसून वाच.

रविवारी तपासनीस साहेब आले. गळ्यात टाय, हातात टॉर्च, फार सभ्य माणूस. थोरली समोर उभी होती. राखाडी रंग, कपाळ मोकळं, मागची फळी कोरी. कारखान्याच्या जाहिरातीतलं चित्र असतं तशी. साहेब तिच्याभोवती फिरत "वा, वा" म्हणत होते. आणि मी तिच्याकडे बघत होते, बारक्या, आणि मला ती ओळखू येत नव्हती. जणू कोणी आपल्या आईचा लग्नाआधीचा फोटो दाखवून म्हणावं, ही खरी, नंतरची ती मूळची नव्हे.

काकांना मी निरोप पाठवला होता. बाबांचे जोडीदार, तीस वर्षं आळीपाळीने थोरली चालवली, निरोप न देऊन चालेल कसं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काठी टेकत आले. साहेबांना बाजूला सारून थेट पायरीवर चढले. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून हातांनी बघायला लागले. स्टिअरिंग, गिअरचा दांडा, सीट. मग हात खाली पेडलवर गेला आणि तिथेच थांबला.

"अगं मधले," ते आतूनच ओरडले, "बारक्याचा बूट कुठाय?"

मला वाटलं, मोतीबिंदू डोक्यापर्यंत गेला.

"बूट गं! क्लचवरचा. लाकडाचा. कोणी चोरला?"

मी पाटीवर काही लिहीपर्यंत त्यांनी सुरुवात केली होती. आणि बारक्या, त्यांनी जे सांगितलं ते तू बत्तीस वर्षं माझ्यापासून लपवलंस, का मीच कधी पाहिलं नाही, ते तू सांग. शाळेच्या भिंतीवरून पडून तुझा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला, हे मला ठाऊक होतं. एरवी तू जाड तळव्याचा बूट घालायचास. थोरलीचा क्लच किती खोल जातो आणि किती जड आहे, हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी स्टिअरिंगसमोर कधी बसलेच नाही. तू पंधराचा झालास तेव्हा बाबांनी जुन्या फळीतून तो ठोकळा कापला. तुझे पाय तेव्हा कुठे पुरायला, म्हणून चांगला वीतभर जाड. काका म्हणाले, "हा पोरगा वाढायचा, आणि तुझा बाप दर दिवाळीला रंधा घेऊन बसायचा. एक एक पापुद्रा काढायचा, बसवायचा, पोराला म्हणायचा दाब. पुन्हा काढायचा. मी म्हटलं, अरे लाकूड संपेल. म्हणाला, संपू दे, पोरगं पुरतं उंच झालं म्हणायचं." शेवटी जेवढी उंची राहिली, तेवढी तुझ्या पायात कमी होती. त्याला ते बारक्याचा बूट म्हणायचे. बाबा आणि काका दोघंच असताना.

मिस्त्री मान खाली घालून उभा होता.

मी पाटीवर लिहिलं: कुठे आहे?

"ताई," तो म्हणाला, "इथे जमिनीला जरा उतार आहे ना… तो मी मागच्या चाकाखाली लावलाय."

महिनाभर, बारक्या. महिनाभर मी रोज त्याला ओलांडून जात होते. आख्खी थोरली त्या ठोकळ्याने धरून ठेवली होती.

साहेब मऊपणे म्हणाले, "मॅडम, पण तो काही कारखान्याचा नाही ना? तो नसला तर उत्तमच. बाकी गाडी पास आहे."

काका केबिनच्या दारातच बसले, काठी गुडघ्यांमधे. साहेब तिथे नाहीतच अशा आवाजात माझ्याशी बोलू लागले. "मी त्याला सांगितलं होतं. म्हटलं, दोघांना वेगवेगळं गाठून एकच गाडी देतोस, उद्या भांडतील. तर हसला. म्हणाला, एक चालवील, एक बोलेल. एकेकट्याला ती काय कामाची? मी म्हटलं, आणि भांडलेच तर? म्हणाला, गाडी एकच आहे, जातील कुठे?"

आपण गेलो, बारक्या. बाबांचा हिशेब तेवढा चुकला.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते. हौद्यातला कठडा. तू कायम पुढे असायचास, इंजिन चालू ठेवून, मागे चढून कधी पाहिलं नाहीस. पहिल्या मोर्चात गाडी वळली आणि मी माइकसकट फळीवर आपटले. दुसऱ्या मोर्चाला हौद्यात कठडा उभा होता, बरोबर माझ्या कमरेच्या उंचीवर. माइकचा दांडा रोवायला त्याला नळी जोडलेली. थंडीत लोखंड हाताला चावतं म्हणून त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. बाबांनी मोजमाप कधी घेतलं ते मला कळलंही नाही. मी समजत होते, तो फक्त माझा एकटीचा आहे. तू समजत होतास, बूट फक्त तुझा. आपल्याला दोघांनाही एकमेकांचा अर्धा ट्रक कधी दिसलाच नाही.

मी पाटी पुसली आणि साहेबांसाठी लिहायला घेतलं. पाटी लहान पडली. लिहून दाखवायचं, पुसायचं, पुढचं लिहायचं. साहेब बिचारे चष्मा वरखाली करत होते, काका विचारत होते, "काय म्हणते? मोठ्याने वाचा!" आणि साहेबांना माझं भाषण त्यांच्याच तोंडाने मोठ्याने वाचावं लागलं.

"कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी कोणाचीच नव्हती."

"मग?" काका.

"लोखंड, रबर आणि काच. अशा शेकडो निघाल्या."

"बरोबर!"

"माझ्या आईने पडदे शिवले, तेव्हा ही आमची झाली. बापाने ठोकळा तासला, तेव्हा ही गाडी झाली. तुम्ही मूळ म्हणता तो फक्त हिचा जन्म आहे. हिचं आयुष्य आम्ही मागाहून लावलं आहे, आणि मीच ते हातात पाना घेऊन काढलं. गाडी देणार नाही."

शेवटचं वाक्य वाचून साहेबांनी पाटी माझ्या हातात दिली. "मॅडम," ते म्हणाले, "तुमचा आवाज बंद आहे हे बरं आहे. नाहीतर मी माझीही गाडी तुम्हाला देऊन गेलो असतो." चहा न घेता गेले, पण रागावून नाही.

मग आम्ही कामाला लागलो. मिस्त्रीने चाकाखाली दगड लावला, बूट धुतला, तेल दिलं, त्याच्या त्याच बोल्टने पेडलवर बसवला. नऊ दिवे जागच्या जागी. पडदे मी हाताने शिवले. आईसारखे नाहीत, एक लांडा झाला. भोंगा वाजवला, कुत्री ओरडली, पण आता ती एका तालात नाहीत. मासे पुन्हा रंगवून घेतले, आणि रंगाऱ्याला पाटीवर लिहून दिलं की एकाचा डोळा पुसून टाक. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं!

कठडा नाही. तो खरोखर भंगारात गेला, वितळलाही असेल. मिस्त्री म्हणतो, दुसरा करून देतो. मी नको म्हणून मान हलवली. माझ्या कमरेच्या उंचीचं माप घ्यायला आता ते कुठे आहेत?

मधली

१८ डिसेंबर

बारक्या,

कार्ड आलं नाही. मी पोस्टमनला पाटी दाखवून दाखवून हैराण केला आहे. आता तो लांबूनच हात हलवतो.

तेव्हा हे शेवटचं, आणि सरळ. एकतीस तारखेला शेड पाडणार. मंडळाला मी नकार दिला आहे. दुसरा ड्रायव्हर हिला फाटकापर्यंतही नेऊ शकत नाही, दोघांनी करून पाहिलं. एकाने सीटवरून बघून विचारलं, "ताई, हा ठोकळा काढू का? पाय अडकतो." मी त्याला हातानेच खाली उतरायची खूण केली. काकांकडून कळलं की तुझ्या शीतगृहाच्या मागे मोठं आवार आहे, वर छप्पर आहे आणि तू तिथे बरीच वर्षं एक जागा मोकळी ठेवली आहेस. कशासाठी ते काकांनी विचारलं नाही. मीही विचारत नाही.

गाडी तुझी की माझी, यावर मी आता बोलणार नाही. खरं तर दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांनीही एकमेकांना खोटं ठरवलं, याच्याइतका मूर्खपणा मी कुठल्या मालकाच्या बैठकीतही पाहिला नाही. त्या दिवशी मी तुझ्या पायावरून जे बोलले ते त्या बुटाने ऐकलं असेल. तो तिथेच होता, केबिनमध्ये, उघड्या दारापासून हातभर अंतरावर. मी त्याला तेल देताना हे सारखं मनात येत होतं.

वायरी जोडून ती चालू होते. पण मी मिस्त्रीला सांगितलं आहे, आता नाही. किल्लीच्या भोकात गंज चढला होता तो त्याने काढला, आत दोन थेंब तेल सोडलं. भोक वाट बघत आहे, असं लिहिलं तर तू म्हणशील ताईने भाषण सुरू केलं. म्हणून एवढंच लिहिते की ते साफ आहे.

डॉक्टर परवा म्हणाले, आवाज परत आला आहे, रविवारपासून थोडं बोला. हळू, आणि भाषण नाही. पहिलं काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. तुझ्या नावाची तीनच अक्षरं जरा मोठ्याने बोलणार आहे, फाटकातून तू दिसलास की. त्यासाठी घसा पुन्हा गेला तरी चालेल.

तू चालव. फाटकापर्यंत मी मागे हौद्यात उभी राहीन, जुन्या जागी. कठडा नाही, तेव्हा वळणावर सावकाश. फाटकाबाहेर पडल्यावर गाडी थांबव. मी खाली उतरून पुढे येईन आणि पहिल्यांदा तुझ्या शेजारी बसेन. मला बघायचं आहे, तो दोनदा विचारतो कसा तुझा पाय.

बाकी काही आणू नकोस, काही कळवू नकोस, माफीबिफी कोणी कोणाची मागायची नाही. अठ्ठावीस तारखेला, रविवारी सकाळी नऊ वाजता, शेडच्या दारात किल्ली घेऊन ये.

मधली